गट कसे पाडावेत? सातबाऱ्यापासून संगणकाच्या तक्त्यापर्यंत

सातबाऱ्यावर गावाच्या नावाजवळ 'गट क्रमांक' लिहिलेला असतो. एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर आणि त्यांचे विखुरलेले हिस्से जोडून हे गट पाडले गेले. तालुक्याला गट विकास अधिकारी असतो, दोन-तीन लहान गावं मिळून गट ग्रामपंचायत असते, घरात बचत गटाचं पासबुक असतं आणि दवाखान्यात रक्तगट विचारतात. हा शब्द आपल्या इतका सवयीचा आहे, की गट पाडणं हे एक कसब आहे, त्याला पायऱ्या आहेत, हे आपल्या लक्षातच येत नाही.

मी परभणी जिल्ह्यात शेती करतो आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदी ठेवतो. मातीचा नमुना, वाणांची तुलना, फवारणीचं वेळापत्रक, डीपीची (गावच्या ट्रान्सफॉर्मरची) पाटी, संगणकातला तक्ता या पाच कामांत मी पाच वेळा ठेचकाळलो. पाचही वेळा चूक एकाच जातीची होती: ज्या गोष्टी एकत्र ठेवायला नको होत्या त्या एकत्र ठेवल्या, नाहीतर ज्या सोबत हव्या होत्या त्या वेगळ्या केल्या. त्यातून हाती आलेली रीत इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं शेतीची जास्त आहेत, कारण चूक झाली की सर्वात आधी पदरमोड तिथेच होते.

पायरी १: कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहा

मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरली की आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि ओलावा, काडीकचरा, डागी दाणे बघतो. हमीभावाच्या खरेदीत सहसा १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी मालाचे दोन गट होतात, वाळलेला आणि ओला. त्याच पोत्यातून मला पुढच्या वर्षीचं बियाणं राखायचं असेल, तर मी उगवण बघणार. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ओलाव्याच्या हिशोबात 'एक नंबर' ठरलेलं पोतं मळणीयंत्राचा मार खाऊन आलं असेल, तर उगवणीच्या हिशोबात ते बाद होऊ शकतं. माल तोच, पण दोन निर्णयांसाठी त्याचे गट वेगळे पडले.

म्हणून "मातीचे गट पाडायचे आहेत" असं लिहू नका. "कोणत्या भागाला किती खत टाकायचं ते ठरवायचं आहे" असं लिहा. पहिल्या वाक्यावरून काय मोजायचं ते कळत नाही, दुसऱ्यावरून लगेच कळतं. कागदावर हे वाक्य जमेना, तर पुढच्या पायरीला हात घालू नका. माझी निम्मी मेहनत या एका वाक्याअभावी वाया गेली आहे.

पायरी २: निकष निवडा, आणि तो काय दाखवत नाही तेही विचारा

निकष म्हणजे ज्या खुणेवरून वस्तू कोणत्या गटात जाणार ते ठरतं ती खूण. ती मोजता यावी आणि दोन माणसांनी मोजली तरी उत्तर एकच यावं. 'चांगलं रान' हा निकष होत नाही. 'पहारीला मुरूम किती हातावर लागतो' हा होतो.

निकषांचा सुंदर तक्ता आपण पहिलीतच पाठ केलेला असतो. क, ख, ग, घ, ङ ही ओळ कंठातून, च ची ओळ टाळूला जीभ लावून, ट ची मूर्ध्याजवळ, त ची दातांशी, प ची ओठांनी. आडव्या ओळीत उच्चाराचं स्थान सारखं आणि उभ्या स्तंभात उच्चाराची रीत सारखी. दुसऱ्या आणि चौथ्या स्तंभात श्वासाचा जोर जास्त, पाचव्यात आवाज नाकातून. पाच गुणिले पाच, पंचवीस व्यंजनं. पण हा तक्ता बसवला संस्कृतच्या उच्चारांवर. मराठीत 'चार' मधला च टाळूचा आहे आणि 'चाक' मधला दातांजवळ सरकलेला, तरी दोन्ही एकाच घरात बसवलेत. दुसऱ्या कामासाठी केलेले गट जसेच्या तसे उचलले, की अशी एखादी अडचण सोबत येतेच.

रक्तगटात हीच गोष्ट जिवावर बेतते. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात रक्ताचे गट मांडले. तांबड्या पेशींवर ए आहे का, बी आहे का, हे दोनच प्रश्न. दोन्ही नसतील तर गट ओ. पुढे १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसायचं पण ओ गटाचं रक्त त्यांना चालायचं नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच हा घटकच त्यांच्या पेशींवर नव्हता, आणि एच आहे का हा प्रश्न नेहमीच्या तपासणीत विचारलाच जात नव्हता. हाच 'बॉम्बे रक्तगट'. निकष जे विचारत नाही ते गटात लपून बसतं. तुमच्या निकषासमोरही हा प्रश्न लिहून ठेवा: यात काय लपू शकतं?

पायरी ३: सीमा आखा

चांगल्या गटांना दोन अटी असतात. एकही वस्तू बाहेर राहू नये आणि एकही वस्तू दोन गटांत जाऊ नये. शाळेत वर्गांतराची सारणी करताना ४० ते ५०, ५० ते ६० असं लिहिलं की बाई विचारायच्या, ५० कुठे टाकणार? हा प्रश्न खरंच मोलाचा आहे. सीमेवरचा आकडा कोणत्या बाजूला जाणार, ते आधीच लिहून ठेवा. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, एकच्या वर दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक, अशी नेमकी भाषा असली की वाद उरत नाही.

'सारखं' कशाला म्हणायचं, याच्या गणितवाले तीन अटी सांगतात. प्रत्येक वस्तू स्वतःसारखी असावी. अ हा ब सारखा असेल तर ब हा अ सारखा असावा. आणि अ ब सारखा, ब क सारखा असेल तर अ क सारखा असावा. तिन्ही पाळल्या की गट आपोआप स्वच्छ पडतात. वार हे त्याचं उदाहरण. एका महिन्यातल्या ३, १०, १७, २४ आणि ३१ या तारखांना एकच वार येतो, कारण सातने भागल्यावर बाकी सारखीच उरते.

शेतात मात्र तिसरी अट मोडते. खालच्या बांधापासून वरच्या बांधाकडे चालत जा. प्रत्येक पावलाला माती मागच्या पावलासारखीच वाटते, पण पहिलं पाऊल भारी काळ्या रानात होतं आणि शेवटचं बरडावर. 'शेजाऱ्यासारखं' म्हणत गेलं तर सगळं वावर एकच गट ठरतं. अशा ठिकाणी रेष कुठेतरी आपल्यालाच ओढावी लागते, आणि ती आपण ओढली आहे हे लक्षात ठेवावं लागतं. भूजलाचंही तसंच आहे. दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापैकी वापरण्याजोग्या साठ्याचा ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट 'सुरक्षित', ७० ते ९० 'अंशतः शोषित', ९० ते १०० 'शोषित' आणि १०० च्या वर 'अतिशोषित' धरतात. ६९ टक्क्यांचा पाणलोट आणि ७१ टक्क्यांचा पाणलोट कागदावर दोन वेगळ्या रंगांत दिसतात, विहिरीत डोकावलं तर फरक दिसणार नाही. म्हणून गटाच्या नावासोबत मूळ आकडाही जपून ठेवा.

पायरी ४: मातीच्या नमुन्यावर हात बसवा

इथे जरा थांबू या, कारण या एका कामात वरच्या तिन्ही पायऱ्या येतात आणि ते याच उन्हाळ्यात करता येतं.

कोऱ्या कागदावर वावराचा कच्चा नकाशा काढा. बांध, विहीर, झाडं, नाला, उताराची दिशा दाखवा. मग रान पायाखाली घाला. कुठे माती काळी आणि भेगाळलेली, कुठे तांबूस, कुठे चुनखडीचे पांढरे खडे, कुठे पावसात पाणी साचून चिबड होतं, कुठे गेल्या वर्षी पीक पिवळं पडलं, ते नकाशावर नोंदवा. रंग, खोली, उतार, पाण्याचा निचरा आणि मागचं पीक या पाच गोष्टी जिथे सारख्या, तो एक गट. आमच्या चार एकरांत तीन गट निघाले. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही चारही एकरांची माती एकाच पिशवीत भरून देत होतो. अहवाल यायचा मध्यम. तो ना खालच्या रानाचा असायचा, ना वरच्या बरडाचा. दोन्हींचं खत चुकायचं, खाली जास्त आणि वर कमी.

आता प्रत्येक गटात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांधालगतची, झाडाखालची, विहिरीजवळची, शेणखताचा ढीग पडून गेलेली आणि नुकतंच खत टाकलेली जागा सोडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा सुमारे २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खुरप्याने तासून घ्या. एका गटातल्या सगळ्या जागांची माती स्वच्छ घमेल्यात एकत्र करा, खडे आणि मुळ्या काढा, सावलीत वाळवा.

मग कपड्यावर मातीचा गोल पसरून त्याचे चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले दोन मिसळा, पुन्हा चार भाग करा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. खतांची रिकामी पिशवी वापरू नका, कापडी पिशवी घ्या. चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, तुमच्या नकाशावरचा भाग (अ, ब, क), मागचं पीक आणि पुढचं पीक लिहा.

गटाच्या आत मिसळायचं, गटागटांत मिसळायचं नाही. सगळं काम या एका शिस्तीवर उभं आहे.

पायरी ५: तुलना करायची असेल तर गट उलट्या कामाला लावा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सोयाबीन एमएयूएस १५८ पेरावं, एमएयूएस ६१२ की राहुरीचं फुले संगम, हा प्रश्न दर मृगाला पडतो. बहुतेक जण एक वाण खालच्या रानात आणि दुसरं वरच्या रानात पेरतात आणि मळणीनंतर निकाल सांगतात. तो निकाल वाणाचा असतो की रानाचा, हे त्यातून कळत नाही.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या प्रयोगशेतीवर १९२० च्या दशकात यावर जो मार्ग काढला, तोच आजही कृषी विद्यापीठं वापरतात. रानाचे सारख्यातले सारखे पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण लावायचे. पट्टा उताराला आडवा घ्यायचा, म्हणजे एका पट्ट्यातले सगळे तुकडे एकाच पातळीवर येतात. तीन वाण, चार पट्टे, बारा तुकडे. प्रत्येक पट्ट्यात कोणता वाण कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि दर पट्ट्याला नव्याने चिठ्ठ्या टाका. स्वतः निवडायला गेलं की हात आवडत्या वाणाला चांगली जागा देतो. पेरणी, खत, फवारणी सगळीकडे सारखी. काढणीला तुकड्याच्या कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचंच वजन घ्या.

समजा वरच्या पट्ट्यात वाण अ एकरी ५.० क्विंटल आणि वाण ब ४.४ क्विंटल आला. खालच्या पट्ट्यात अ ९.२ आणि ब ८.५. वरच्या-खालच्या रानातला फरक चार क्विंटलच्या पुढे आहे, वाणांतला फरक जेमतेम अर्ध्या-पाऊण क्विंटलचा. अ वर आणि ब खाली पेरला असता, तर ब जवळजवळ पावणेदोन पटीने भारी ठरला असता. पट्ट्याच्या आत तुलना केली की रानाचा फरक बाजूला होतो आणि प्रत्येक पट्टा तेच सांगतो: अ थोडा पुढे.

मागच्या पायरीत सारखं एकत्र करून गटाला गटापासून वेगळं ठेवलं. इथे सारखं एकत्र केलं ते गटाच्या आतच तुलना करता यावी म्हणून. शब्द एकच, काम उलटं. हा फरक ज्याला कळला, त्याला गट पाडण्याचं अर्धं शास्त्र आलं असं मी मानतो.

पायरी ६: नावावर जाऊ नका, काम कसं होतं ते बघा

कापसावर तुडतुडे आणि पांढरी माशी दिसली की आपण कृषी सेवा केंद्रात जातो. गेल्या वेळी इमिडाक्लोप्रिड नेलं होतं, फरक पडला नाही, म्हणून या वेळी थायोमेथोक्झाम घेतो, पुढच्या वेळी ॲसिटामिप्रिड. बाटली वेगळी, नाव वेगळं, किंमत वेगळी. आपल्याला वाटतं औषध बदललं. पण तिन्ही किडीच्या मज्जासंस्थेवर एकाच ठिकाणी घाव घालतात. त्या घावाला तोंड देऊन वाचलेल्या किडीला तिन्ही सारखीच.

१९८४ पासून काम करणाऱ्या आयरॅक या आंतरराष्ट्रीय समितीने कीटकनाशकांना त्यांच्या क्रियेनुसार क्रमांक दिले आहेत. वरची तिन्ही ४ए मध्ये येतात. प्रोफेनोफॉस आणि क्लोरपायरीफॉस १बी मध्ये. सायपरमेथ्रिन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ३ए. स्पिनोसॅड ५, इमामेक्टिन बेंझोएट ६, इंडोक्झाकार्ब २२ए, क्लोरँट्रानिलीप्रोल २८, फ्लोनिकॅमिड २९.

हे असं वापरा. वहीत चार रकाने आखा: तारीख, कीड, औषधातला मूळ घटक, क्रमांक. बाटलीवर मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचा. किडीच्या एका पिढीवर एक क्रमांक वापरला, तर पुढच्या पिढीवर दुसरा वापरायचा. मिश्र औषध असेल तर दोन्ही घटकांचे क्रमांक लिहा. थायोमेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन एकाच डब्यात असतील, तर त्या फवाऱ्यात तुमचे ४ए आणि ३ए दोन्ही खर्च झाले. नवा क्रमांक निवडताना तो त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी शिफारशीत आहे का, ते लेबलवर बघाच. गट बदलायचा म्हणून अळीचं औषध पांढऱ्या माशीवर मारून उपयोग नाही.

त्याच बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. ते माणसाला किती विषारी यावरून पाडलेले गट आहेत, लाल सर्वात घातक. किडीसाठी क्रमांक बघा, मजुरासाठी रंग बघा. एक गट दुसऱ्याचं काम करत नाही, आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला मास्क आणि हातात हातमोजे चारही रंगांना हवेतच.

वीज आणि इंजिन

नावावर न जाता आतलं काम बघायची ही सवय शेताबाहेरही लागते. गावच्या ११ केव्हीच्या डीपीच्या पाटीवर 'डीवायएन ११' असं कोरलेलं असतं. त्याला ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप म्हणतात. उच्च दाबाच्या बाजूची वेटोळी डेल्टा म्हणजे त्रिकोणी जोडणीत, कमी दाबाची स्टार म्हणजे चांदणीसारख्या जोडणीत, न्यूट्रल बाहेर काढलेला, आणि दोन्ही बाजूंच्या दाबांत घड्याळातल्या बारा आणि अकरा या आकड्यांइतकं, म्हणजे ३० अंशांचं अंतर. हा ग्रुप जुळत नसलेले दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडता येत नाहीत. डीवायएन ११ शेजारी डीवायएन १ जोडला, तर दोघांत ६० अंशांचा फरक पडतो आणि त्यांच्या तारांमध्ये पूर्ण फेज व्होल्टेजइतका दाब उभा राहतो. भार नसतानाही वाइंडिंग जळतील. केव्हीए सारखा, व्होल्टेज सारखं, पण गट वेगळा. हे काम अर्थात लाइनमन आणि अभियंत्याचं आहे, आपण फक्त पाटी वाचायला शिकायचं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करणाऱ्यांना विचारा, ते वेगळीच गोष्ट सांगतील. सिलिंडरचं भोक आणि पिस्टनचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत हुबेहूब करायला खर्च फार येतो. म्हणून तयार झालेले पिस्टन मोजून त्यांच्यावर ए, बी, सी असे शिक्के मारतात, सिलिंडरवरही मारतात, आणि ए ला ए, बी ला बी बसवतात. प्रत्येक तुकडा अचूक करण्याऐवजी मोजून जोड्या लावायच्या. इंजिन उघडल्यावर मिस्त्रीने शिक्का न बघता पिस्टन बदलला, तर एकतर ते धूर ओकेल किंवा जाम होईल.

पायरी ७: संगणकाला गट पाडायला सांगण्याआधी अक्षरं साफ करा

आमच्या कंपनीत तीनशेच्या वर सभासदांच्या मालाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) एक्सेलमध्ये येतात. पिव्हट टेबल उघडायचं, ओळींत गाव, स्तंभांत पीक, बेरजेच्या जागी क्विंटल ओढायचं. एका मिनिटात गावनिहाय, पीकनिहाय बेरीज तयार. मोठ्या डेटाबेसमध्ये 'ग्रुप बाय' हा आदेश हेच करतो.

पहिल्या वर्षी आमच्या तक्त्यात एकाच पिकाची चार नावं निघाली: सोयाबीन, सोयाबिन, सोया, आणि पुन्हा सोयाबीन, पण शेवटी एक रिकामी जागा असलेलं. माणूस वाचताना ते आपोआप जोडतो. संगणक अक्षराला अक्षर ताडून बघतो. मराठीत आणखी एक खाच आहे. 'ऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, तक्त्यात दोन वेगळे गट पडतात.

यावर उपाय असा. गाव आणि पीक हाताने लिहू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. जुन्या नोंदींवर 'ट्रिम' सूत्र चालवून पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढा. गावाला नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक द्या, कारण पिंपळगाव आणि वाडी नावाची गावं एकाच तालुक्यातही एकापेक्षा जास्त निघतात. हे झाल्यावरच बेरीज करा.

बेरीज झाली तरी एक घोटाळा उरतो. वहीवरचा काल्पनिक हिशोब बघा. वाण अ भारी रानात १ एकरावर, एकरी ११ क्विंटल, आणि हलक्या रानात ९ एकरांवर, एकरी ६. एकूण ६५ क्विंटल, सरासरी ६.५. वाण ब भारी रानात ९ एकरांवर, एकरी १०, आणि हलक्या रानात १ एकरावर, एकरी ५. एकूण ९५, सरासरी ९.५. दोन्ही प्रकारच्या रानांत अ पुढे आहे, तरी एकूण सरासरीत ब खूप पुढे दिसतो, कारण ब ला रानच चांगलं मिळालं. रानाचा गट तक्त्यात न घेता सभासदांना वाण सुचवला असता, तर तीनशे घरांत चुकीचं बियाणं गेलं असतं.

पायरी ८: गटांची नावंच माहीत नसतील तेव्हा

कधी कधी गट आधी ठरलेले नसतात, ते आकड्यांतून शोधावे लागतात. के-मीन्स ही त्यासाठीची साधी रीत. स्टुअर्ट लॉइडने ती १९५७ मध्ये मांडली, के-मीन्स हे नाव जेम्स मॅकक्वीनने १९६७ मध्ये दिलं. संगणकाशिवाय करून बघा.

सहा शेतकऱ्यांचं एकरी सोयाबीन: ४, ५, ६, ९, १०, ११ क्विंटल. दोन गट हवेत. मुद्दाम वाईट सुरुवात करू: केंद्रं ४ आणि ५. जो आकडा ज्या केंद्राच्या जवळ, तो त्याचा. पहिल्या गटात एकटा ४, बाकी पाच दुसऱ्यात. दुसऱ्या गटाची सरासरी ४१ भागिले ५, म्हणजे ८.२. आता केंद्रं ४ आणि ८.२. पुन्हा वाटा. ५ हा ४ च्या जवळ. ६ चं अंतर ४ पासून २ आणि ८.२ पासून २.२, म्हणून तोही पहिल्यात. गट झाले ४, ५, ६ आणि ९, १०, ११. सरासरी ५ आणि १०. आणखी एकदा वाटलं तरी कुणी हलत नाही. थांबा.

दोन धोके आहेत. किती गट हवेत हे रीत सांगत नाही, ते पायरी १ मधल्या वाक्यातून येतं. आणि एकाच वेळी दोन मापं घेतली, समजा क्षेत्र एकरांत आणि उत्पन्न किलोंत, तर किलोंचे मोठे आकडे एकरांना गिळून टाकतात. दोन्ही मापं आधी सारख्या पट्टीवर आणा. मापांचा परस्परसंबंध धरून अंतर कसं मोजायचं, याची रीत आपल्याच प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ साली दिली. जगभरचे अभ्यासक आजही ते अंतर त्यांच्याच नावाने ओळखतात.

पायरी ९: गटाचा आकडा एकट्या माणसावर चिकटवू नका

पीक विम्याचं उत्पादनावर आधारित गणित महसूल मंडळावर चालतं. मंडळातल्या काही शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. ती शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी, कुणाची मर्जी न धरता निवडायची, ही पद्धत पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात आपल्या देशात रुजवली. त्या प्रयोगांतून निघालेली सरासरी उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे विम्यासाठी आधीच ठरवलेल्या उत्पादनाच्या पातळीशी, ताडतात. उंबरठा हेक्टरी ८०० किलो आणि मंडळाची सरासरी ६०० किलो आली, तर तूट २०० भागिले ८००, म्हणजे २५ टक्के, आणि तेवढाच वाटा विमा संरक्षित रकमेतून मिळायचा. सरासरी ८५० आली, तर कुणालाच काही नाही. मग तुमच्या वावरात २०० किलोच का झालं असेना.

एका सप्टेंबरात आमच्या शिवारावर ढग फुटला आणि ओढ्याकाठचं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. मंडळातली बाकीची गावं सुखरूप होती, सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. मी आणि माझे दोन भाऊबंद कोरड्या हाताने परतलो. त्या दिवशी राग आला होता, अजूनही येतो, पण गणित कुठे तुटलं ते आता कळतं. मंडळाचा आकडा मंडळाबद्दल खरा होता, त्यातून माझ्या वावराबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. गट जितका मोठा, तितकं मोजणं स्वस्त आणि तितकी आतली माणसं अदृश्य. गट लहान करायचा तर जास्त प्रयोग, जास्त माणसं, जास्त पैसा. या ओढाताणीत रेष कुठे मारायची, हा प्रश्न सभेत उभं राहून विचारायलाच हवा, कारण ती रेष कुणीतरी मारलेली असते आणि ती हलवता येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या गावांचे नुकसानीनुसार गट केले गेले. सर्वात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं पहिल्या गटात आली आणि ती नव्या जागेवर वसवली गेली. बाकीच्या गावांत जागेवरच बांधकाम आणि दुरुस्ती झाली. कोणत्या गटात नाव आलं, त्यावर पिढ्यांचं घर, शेजार आणि शेताचं अंतर ठरलं. एवढं वजन गटाच्या एका रेषेवर असू शकतं.

पायरी १०: 'इतर' कडे लक्ष ठेवा आणि तारीख टाका

प्रत्येक वर्गीकरणात 'इतर' नावाचा डबा असतो. तो भरत चालला की निकष जुना झाला असं समजा. आमच्या पिकांच्या तक्त्यात 'इतर' मध्ये पाच-सात नोंदी असायच्या. त्या चाळीसवर गेल्या तेव्हा उघडून बघितलं, तर निम्म्या करडई आणि जवसाच्या होत्या. त्यांना स्वतंत्र रकाना दिला, आणि करडईच्या तेलघाण्याचा विचार तिथून सुरू झाला.

रिकाम्या घराकडेही बघा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांचा तक्ता मांडला आणि पुढच्या दोन वर्षांत, काही घरं मोकळी ठेवून त्यात कसल्या गुणांचं द्रव्य यावं हेही लिहून ठेवलं. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८८६ मध्ये जर्मेनियम, आणि दोन्ही त्या घरांत बसली.

वहीच्या पहिल्या पानावर आता हे सहा रकाने आखून घ्या: निर्णय, निकष, सीमा, सीमेवरच्याचं काय, गट पाडल्याची तारीख, पुन्हा तपासायची तारीख. मातीसाठी तिसऱ्या वर्षाची तारीख टाका. फवारणीच्या क्रमांकांसाठी दर हंगामाची. आमच्या चार एकरांच्या नकाशावर ब आणि क मधली रेष गेल्या वर्षी मी वीस पावलं वर सरकवली. गाळ टाकल्यापासून तिथली माती काळी होत चालली आहे, आणि यंदा तिथला नमुना वेगळ्या पिशवीत गेला आहे.